पायरी नव्हे, फांदी

खेड तालुक्यातल्या जुन्या कौलारू घरात रात्री भिंतीच्या कडेकडेने दोन प्राणी पळतात. एक उंदीर, दुसरी चिचुंदरी. दोघांचा आकार साधारण सारखा, दोघांवर घरातल्यांचा राग सारखाच. त्यामुळे चिचुंदरी म्हणजे लांब तोंडाचा, उग्र वासाचा उंदीर अशी समजूत पक्की आहे. दोघांच्या तोंडात डोकावलं की ती डळमळते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, तो कुरतडणारा. चिचुंदरीच्या जबड्यात बारीक टोकदार दातांची रांग असते. ती झुरळं आणि किडे खाणारी. पुढे जनुकांची तुलना झाली तेव्हा तर नात्यांची सगळी मांडणीच बदलली. चिचुंदरी ज्या मोठ्या शाखेत बसते तीत गाय, घोडा, मांजर, वटवाघूळ आणि देवमासा आहेत. उंदीर बसतो दुसऱ्या शाखेत, सशाजवळ, खारीजवळ आणि आपल्याजवळ. गोठ्यातल्या गाईपेक्षा माळ्यावरचा उंदीर आपला जवळचा नातलग आहे. या दोन शाखा फुटल्या त्याला रेणवीय अंदाजानुसार नऊ कोटींच्या आसपास वर्षं झाली, म्हणजे तेव्हा पृथ्वीवर डायनासोर होते.

हे ऐकून हसू येतं, कारण रूपावरून नातं ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. जमिनीच्या वारसनोंदीत मात्र ही सवय चालत नाही. कोण कुणासारखा दिसतो याच्याशी तलाठ्याला कर्तव्य नसतं. कोण कुणाच्या पोटी जन्मला एवढंच तो विचारतो. आजच्या जीवशास्त्रीय वर्गीकरणाचा नियम हाच आहे. या नियमातून आणखी एक गोष्ट आपोआप निघते, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. वंशात कुणी जवळचा असतो, कुणी दूरचा असतो. पण कुणी प्रगत आणि कुणी मागासलेला नसतो. आज जिवंत असलेला प्रत्येक सस्तन प्राणी तेवढाच काळ उत्क्रांत होत आलेला आहे.

शास्त्राने ही गोष्ट स्वीकारली. आपल्या बोलण्यात, कायद्यात आणि निसर्गसंरक्षणाच्या पैशात ती अजून उतरलेली नाही. तिथे आपण प्राण्यांना अजूनही जिन्यावर बसवतो. वरच्या पायरीवर वाघ, मधे हरणं, खाली उंदीर, घुशी, वटवाघळं. प्राण्याची किंमत त्याच्या पायरीवरून न लावता त्याच्या फांदीवरून लावावी, असं माझं म्हणणं आहे. आणि हे म्हणणं तपासून पाहायला रत्नागिरी जिल्ह्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

जिन्याची कल्पना मुळात अज्ञानातून आलेली नव्हती. कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सस्तन प्राण्यांचा वर्ग मांडला, तेव्हा त्याच्यासमोर काळाची खोली नव्हती. देवमाशाला माशांतून काढून सस्तनांत बसवण्याची दूरदृष्टी त्याने दाखवली. त्याच पुस्तकात त्याने वटवाघूळ माणसाच्या गणात टाकलं, अमेरिकेतला पिशवीवाला ओपोसम डुक्कर आणि चिचुंदरीबरोबर ठेवला, आणि आपल्याकडचं खवले मांजर हत्तीच्या पंक्तीला बसवलं. प्रत्येक ठिकाणी काहीतरी साम्य होतंच. कुठलं साम्य वारशाने आलेलं आणि कुठलं सारख्या धंद्यामुळे आलेलं, हे ओळखण्याचं साधन मात्र त्याच्याकडे नव्हतं.

ते साधन डार्विनने १८५९ साली दिलं. पण डार्विनचा खंदा पाठीराखा टी. एच. हक्सली यानेच १८८० साली सस्तन प्राण्यांचे तीन गट पाडले ते टप्पे म्हणून: आधी अंडी घालणारे, मग पिशवीवाले, शेवटी वार असणारे, म्हणजे आपण. वंशवृक्षाची भाषा आली खरी, पण आत जिना तसाच राहिला. चारच वर्षांनी, १८८४ साली, डब्ल्यू. एच. काल्डवेलने ऑस्ट्रेलियातून तार करून बदकचोच्या प्लॅटिपस खरोखरच अंडी घालतो हे कळवलं, तेव्हा अनेकांना खालची पायरी डोळ्यांनी दिसल्यासारखं वाटलं. प्लॅटिपसच्या चोचीत विजेचे सूक्ष्म बदल टिपणारी इंद्रियं असतात आणि गढूळ पाण्यात डोळे मिटून तो त्यांच्या बळावर शिकार पकडतो. ही सोय आपल्याला नाही. पण तिच्या आधाराने कुणी प्लॅटिपसला वरच्या पायरीवर चढवलं नाही.

जिन्याचा सर्वात मोठा अन्याय झाला तो पिशवीवाल्यांवर. कांगारू, कोआला, ओपोसम हे सगळे अर्धवट सस्तन, वार जमली नाही म्हणून पिशवीवर भागवणारे, असं शाळेपासून मनात बसतं. वस्तुस्थिती अशी की पिशवीवाल्यांनाही वार असते. ती थोडा काळ काम करते, इतकंच. तांबड्या कांगारूचा गर्भकाळ सुमारे तेहेतीस दिवसांचा असतो आणि पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. वाढीचा उरलेला सगळा भार दुधावर. त्यामुळे एकाच मादीच्या अंगाखांद्यावर तीन पिल्लांचा संसार चालू शकतो: बाहेर उड्या मारणारं मोठं पिल्लू, पिशवीत सडाला चिकटलेलं लहान पिल्लू आणि पोटात वाढ थांबवून ठेवलेला गर्भ. दोन पिल्लांसाठी दोन सडांतून वेगवेगळ्या गुणांचं दूध येतं. दुष्काळ पडला आणि पिशवीतलं पिल्लू दगावलं, तर थांबलेला गर्भ वाढू लागतो. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात ही पद्धत मागासलेली कशी? गाय किंवा हरणी पोटात महिनोन्‌महिने गर्भ वाढवते, आणि अर्ध्या वाटेत चारा संपला तर तिला माघार घेणं फार अवघड जातं.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. जन्मलेल्या कणभर पिल्लाला पुढच्या पायांनी आईच्या केसांतून चढत सडापर्यंत पोहोचावं लागतं. त्यामुळे पुढच्या पायांचे पंख, वल्ही किंवा खूर होण्याची वाट पिशवीवाल्यांना अवघड झाली असावी, असं काही अभ्यासक मानतात. पिशवीवालं वटवाघूळ नाही, पिशवीवाला देवमासाही नाही. पण मर्यादा प्रत्येक फांदीला असते; मर्यादा म्हणजे खालची पायरी नव्हे.

रूप किती फसवतं याचा धडाही पिशवीवाल्यांनीच दिला. टास्मानियन वाघाची, म्हणजे थायलसिनची कवटी कुत्र्याच्या कवटीशेजारी ठेवली तर विद्यार्थी गोंधळतात. या जातीचा शेवटचा ज्ञात प्राणी ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. दातांच्या साम्यावरून त्याचं नातं कधी दक्षिण अमेरिकेतल्या लुप्त मांसभक्षकांशी जोडलं गेलं. १९८९ साली त्याच्या जतन केलेल्या अवशेषांतला डीएनए वाचला गेला आणि त्याचे खरे भाऊबंद ऑस्ट्रेलियातच निघाले, टास्मानियन डेव्हिलच्या आसपासचे. कुत्र्याशी त्याचं नातं तुटून सोळा कोटींच्या घरात वर्षं झाली होती. दोघांनी धावून शिकार करण्याचा एकच धंदा धरला, आणि धंद्याने दोघांना एकच चेहरा दिला.

मग आपल्या सह्याद्रीत एकही पिशवीवाला प्राणी का नाही? जिन्याचं उत्तर तयार असतं: वरचढ प्राणी आले आणि दुबळे संपले. खडकांचं उत्तर निराळं आहे. भारताचा तुकडा ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकापासून सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी सुटू लागला. पिशवीवाल्यांचे पूर्वज उत्तरेकडून दक्षिण अमेरिकेत आणि तिथून, अंटार्क्टिका हिरवी होती त्या काळात, तिच्यावरून ऑस्ट्रेलियात गेले ते त्यानंतर कितीतरी काळाने. अंटार्क्टिकातल्या सेमूर बेटावर १९८२ साली त्यांचे जीवाश्मही सापडले. त्यांचा काफिला त्या वाटेने निघाला तेव्हा आपली भूमी समुद्रात एकटी उत्तरेकडे सरकत होती.

त्या एकट्या प्रवासात इथे कोण होतं, याची साक्ष आपल्याच काळ्या कातळाने राखली आहे. खेडहून रघुवीर घाट चढताना लाव्ह्याचे थरावर थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्ह्याच्या दोन ओतींमध्ये मधला शांत काळ असे, तळी साचत, त्यांच्या गाळात जीव पुरले जात. नागपूरजवळच्या टाकळी इथल्या अशा गाळातले जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने गोळा केले. १९८८ साली आजच्या तेलंगणातल्या नसकाल इथे अशाच थरात जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांना उंदराएवढ्या एका प्राण्याचे दात मिळाले, आणि त्यांनी त्याला डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी असं नाव दिलं. दख्खनच्या ज्वालामुखींच्या काळातला हा सस्तन वारवाल्यांच्या बाजूचा होता.

पुढे भारत आशियाला भिडला आणि उत्तरेचे दरवाजे उघडले. गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत. तिथून सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दोन छोट्या पिशवीवाल्यांची नोंद केली: इंडोडेल्फिस आणि जेगेरिया. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पिशवीवाले होते, टिकले नाहीत. पण पिशवीमुळे हरले म्हणावं, तर अमेरिकेतल्या ओपोसमचं काय करायचं? दक्षिण अमेरिकेतून निघालेला हा पिशवीवाला वारवाल्यांनी भरलेल्या उत्तर अमेरिकेत शिरला आणि कॅनडापर्यंत पसरला. कुठला वंश कुठे उरतो हे वाटा, वेळ, हवामान आणि योगायोग मिळून ठरवतात. त्यातून श्रेष्ठत्वाचा दाखला काढता येत नाही.

आता इथल्या जंगलातल्या त्या प्राण्याकडे येतो, ज्याच्यामुळे हा वाद पुस्तकी राहत नाही. खवले मांजर. कशेडीपासून परशुराम घाटापर्यंतच्या डोंगरउतारांवर, देवरायांत, वारुळांच्या आसपास ते राहतं. रात्री निघतं, नखांनी वारूळ फोडतं, लांब चिकट जिभेने वाळवी आणि मुंग्या टिपतं, आणि धोका दिसला की स्वतःची गुंडाळी करून पडून राहतं. त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. तोंडात एकही दात नाही. या दातांच्या अभावानेच शास्त्रज्ञांना दीर्घकाळ चकवलं. जॉर्ज कुव्हिएच्या मांडणीत ते दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊ, स्लॉथ, आर्माडिलो यांच्याबरोबर ‘दंतहीन’ गणात होतं. १९०४ साली माक्स वेबरने त्याला स्वतंत्र गण दिला. जनुकांचे अभ्यास आल्यावर कळलं की मुंगीखाऊशी त्याचा संबंध फार दूरचा आहे. त्याचा सर्वात जवळचा जिवंत नातलग म्हणजे मांसभक्षकांचा गण, म्हणजे कुत्रे, अस्वलं, मुंगसं, मांजरं आणि वाघ. नावात मांजर आहे हा निव्वळ योगायोग.

इथे पायरी आणि फांदी यांतला फरक डोळ्यांत भरतो. जगात सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या आसपास जाती मोजल्या जातात. त्यांतल्या साधारण चाळीस टक्के कुरतडणाऱ्यांच्या गणात आहेत. खवले मांजरांचा अख्खा गण म्हणजे सर्वमान्य अशा फक्त आठ जाती, चार आशियात, चार आफ्रिकेत. अलीकडचे अभ्यास एखाद-दुसरी भर घालतील इतकंच. जर्मनीतल्या मेसेल इथे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत या वंशाचा सांगाडा मिळतो, म्हणजे तेव्हाही हा वंश आपल्या वाटेने निघालेला होता. वाघाचे सिंह, बिबट्या, हिमबिबट्या असे सख्खे म्हणावेत इतके जवळचे नातलग आज जिवंत आहेत. वाघ नाहीसा झाला तर नुकसान भयंकर असेल, पण त्या फांदीचा मोठा भाग उरेल. आठ खवले मांजरं गेली तर कोट्यवधी वर्षांची फांदी बुंध्यापासून तुटेल आणि तिच्यासारखं दुसरं काहीही शिल्लक राहणार नाही.

तरीही वाघाच्या वाट्याला १९७३ पासून स्वतंत्र प्रकल्प आहे, सह्याद्रीत २०१० पासून व्याघ्र प्रकल्प आहे. खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. कागदावर ते वाघाच्या बरोबरीचं. पण वाघाची गणना होते, त्याच्यावर पर्यटन उभं राहतं, त्याच्या मृत्यूची बातमी होते. खवल्यांची चोरटी विक्री झाली तर स्थानिक पानावर चार ओळी येतात. वटवाघळांची गत आणखी वाईट होती. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत फळखाऊ वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांसोबत उपद्रवी प्राणी म्हणून नोंदलेली होती. त्याच कायद्याने रॉटनचं वटवाघूळ मात्र पहिल्या अनुसूचीत घेतलं होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहांमधून ते १९१३ साली जगाला कळलं आणि पुढे कितीतरी वर्षं तेवढ्याच ठिकाणी माहीत होतं. एका प्राण्याला वाचवायचं आणि त्याच्या भाऊबंदांना उपद्रवी ठरवायचं, ही जिन्याचीच बुद्धी.

या मताला तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही हलके नाहीत.

पहिला: वंशवृक्षच बदलत असतो, त्याच्या आधारे धोरण कसं ठरवायचं? चीनमधला साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा सिनोडेल्फिस २००३ साली पिशवीवाल्यांचा सर्वात जुना नातलग म्हणून गाजला आणि २०१८ साली नव्या जीवाश्मांच्या तुलनेत वारवाल्यांच्या बाजूला सरकवला गेला. हे खरं आहे. पण बदल होतो तो बहुधा अंधुक, तुटक जीवाश्मांच्या जागी. जिवंत गणांच्या मोठ्या शाखा गेल्या पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या पद्धतींनी तपासल्या गेल्या आणि त्यांचा मुख्य आराखडा टिकला. आणि खवले मांजराचा शेजारी कोण यावर उद्या पुन्हा वाद झाला, तरी त्याची फांदी जुनी आणि विरळ आहे हे बदलणार नाही. धोरणाला तेवढंच पुरतं.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा: फांदीच्या वयावर भर दिला तर जंगलातलं काम कोण करतं हे बाजूला पडेल. उंदीर, खारी, वटवाघळं यांच्या फांद्या भरगच्च, पण बियांचा प्रसार आणि परागीकरण तीच करतात. मान्य. फांदी हा एकमेव निकष असू नये. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने २००७ साली सुरू केलेल्या ‘एज’ उपक्रमात फांदीचं एकाकीपण आणि नष्ट होण्याचा धोका या दोन्हींचा एकत्र हिशेब होतो. त्यात कामाचा तिसरा रकाना जोडायला हरकत नाही. हरकत आहे ती देखणेपणाच्या आणि आकाराच्या रकान्याला, जो कुणी लिहीत नाही पण सगळे भरतात.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार, कारण तो गावातून येतो. माकडं नारळ पाडतात, रानडुकरं भात लोळवतात, बिबट्या वासरू नेतो. आम्हाला फांद्या कसल्या सांगता? या रागाला उत्तर द्यायचं तर नुकसानभरपाई वेळेवर मिळायला हवी, वंशवृक्ष दाखवून ते काम होणार नाही. पण याच हिशेबात खवले मांजर कुठे बसतं ते पाहा. ते पीक खात नाही, जनावर मारत नाही, उलट वाळवी खातं. गावाचं त्याच्याशी भांडणच नाही. ते मरतं ते बाहेरच्या बाजारासाठी, वणव्यात, आणि डोंगरउतार यंत्राने सपाट केले जातात तेव्हा बिळं जाऊन. त्याला वाचवण्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागत नाही.

हे गावाला समजतं, याचा दाखला शेजारच्याच तालुक्यात आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, वेळासच्या कासवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, खवले मांजरासाठी गावोगाव काम उभं केलं. २०२० साली जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने चिपळूण तालुक्यातल्या दुगवे गावाने खवलोत्सव केला आणि प्राण्याची प्रतिकृती पालखीत बसवली. शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या कोकणात हा साधा सन्मान नव्हे. तरी माझ्या मते तो एकट्याने पुरणार नाही. श्रद्धा प्राण्याला मान देते. तो मान रस्त्याच्या आराखड्यासमोर किंवा खाणीच्या सुनावणीत मांडायचा तर आकड्यांची आणि नात्यांची भाषा लागते.

ती भाषा आणायची जागाही तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचं दीर्घ काम आहे. अनेक ठिकाणी ती स्थानिक नाव, शास्त्रीय नाव आणि उपयोग एवढ्यावर थांबते. तिच्यात आणखी तीन रकाने घालावेत: या प्राण्याचा जगातला सर्वात जवळचा नातलग कोण, त्याच्या गणात एकूण जाती किती, आणि ही फांदी किती जुनी. तालुक्यातला जीवशास्त्राचा कुठलाही शिक्षक आठवी-नववीच्या मुलांना घेऊन हे भरू शकतो. खर्च जवळपास नाही.

मुलं जेव्हा माकडापुढे दीडशेहून अधिक नातलगांचं कुल लिहितील, उंदरापुढे अडीच हजारांच्या जवळपास जातींचा गण लिहितील आणि खवले मांजरापुढे फक्त आठ, तेव्हा कुठला प्राणी मोठा हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईल आणि कुणाची जागा भरून निघणार नाही हा प्रश्न येईल. ग्रामसभेने विचारायचा प्रश्न तोच आहे. खेडच्या डोंगरात वाघ येतो की नाही हे वाघ ठरवेल. जी फांदी आज आपल्या हद्दीत आहे तिची नोंद करणं मात्र आपल्या हातात आहे, आणि नोंद नसलेल्या वारसाचा हक्क कुठल्याच कचेरीत चालत नाही.